पालीच्या पायाखालची जमीन

आपल्या दोन भाषांच्या घरांत एका शब्दाची फार गंमत होते. मराठीत 'हल्ली' म्हणजे आजकाल आणि कन्नडमध्ये 'हल्ली' म्हणजे पाल. (खेड्याची 'हळ्ळी' आणखी वेगळी, तिचा गोंधळ नवीन सुना घालतात.) 'हल्ली आमच्याकडे हल्ली आहे' हे वाक्य बेळगाव-धारवाडकडच्या घरातच बोलता येते आणि तिथेच कळते. ते आठवायचे कारण म्हणजे गेल्या महिन्यात आलेली दोन पत्रे.

पहिले पत्र शहापूरच्या एका आजोबांचे. मुलगा टेक्सासमध्ये आहे, नातीला वाढदिवसाला 'लेपर्ड गेको' नावाची पाल हवी आहे. 'मुलगा तयार, सूनबाई तयार, आम्हा म्हाताऱ्यांनाच धास्ती. ती विषारी असते काय? आणि काचेच्या पेटीत वाळू घालून तिला ठेवतात म्हणे, ते बरोबर काय?' असे त्यांनी विचारले आहे. दुसरे पत्र जत भागातल्या एका शेतकरी वाचकाचे. त्यांच्या बांधावरच्या दगडांच्या राशीत दिवेलागणीला एक जाड शेपटीची, ठिपक्याठिपक्यांची पाल दिसते. त्यांचा मुलगा म्हणतो, पकडून पाळू. त्यांचा गडी म्हणतो, 'मारून टाका मालक, ती चावली तर माणूस पाणी मागत नाही.' त्यांनी माझे मत विचारले आहे. दुसऱ्या पत्राचे उत्तर शेवटी देतो, कारण पहिल्याचे उत्तर वाचल्यावर ते निम्मे होऊन जाईल.

आपल्याकडे पाल हा पाळायचा जीवच नव्हे. ती चुकचुकली की आपण बोटाने जमिनीवर टकटक करतो. ती अंगावर कुठे पडली तर काय होणार, याचे पल्लीपतनाचे कोष्टक पंचांगात असते. आमच्या धारवाडच्या विहीणबाईंच्या घरी तर अंगावर पाल पडली की कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरातल्या सोन्याचांदीच्या पालींना हात लावून आलेल्या माणसाला शोधून शिवून यायची रीत आहे. अशा घरातला नातू न्यू जर्सीत पाल पाळतो हे त्यांना फोनवर कळले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "अय्य! हल्ली यारर साकतारेनरी?" लेकीने आणि जावयांनी त्यांना काय सांगून समजावले कोण जाणे. २०२३ च्या एप्रिलात आम्ही दोघे सहा महिन्यांसाठी लेकीकडे गेलो तेव्हा ती पाल घरात येऊन तीन महिने झाले होते. नातवाने तिचे नाव 'कुंदा' ठेवले होते, रंग थेट आपल्या बेळगावच्या कुंद्याचा म्हणून. आमच्या गल्लीतल्या दोन्ही कुंदाताईंनी राग मानू नये.

आधी हा प्राणी कोणता ते सांगतो. आपल्या भिंतीवरची पाल आणि ही पाल लांबच्या नात्यातल्या. भिंतीवरच्या पालीच्या बोटांखाली बारीक पट्ट्या असतात, त्यांच्या जोरावर ती छताला उलटी चालते. लेपर्ड गेकोच्या बोटांना त्या पट्ट्या नसतात, नुसत्या नख्या असतात. त्यामुळे ती काचेवर चढूच शकत नाही, जमिनीवरच चालते. घरच्या पालीला पापण्या नसतात, ती जिभेने डोळा पुसते. हिला पापण्या आहेत, ही डोळे मिटून झोपते आणि जागी झाली की चक्क डोळे मिचकावते. (नातवाचे सगळे मित्र त्यावरच खूश.) शेपटी गाजरासारखी जाड, तिच्यात चरबीचा साठा असतो. धोका वाटला तर शेपटी तोडून पळते, मग नवी येते ती आखूड आणि बोंगळ. पूर्ण वाढलेली पाल वीस-पंचवीस सेंटिमीटर भरते. विषाचा एक थेंबही तिच्या अंगात नाही. जगातली कुठलीच गेको जातीची पाल विषारी नाही, तेव्हा शहापूरच्या आजोबांनी ती काळजी सोडून द्यावी.

हिचे शास्त्रीय वर्णन एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ साली केले, ते आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबच्या मिठाच्या डोंगररांगेतल्या, सॉल्ट रेंजमधल्या, नमुन्यावरून. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि त्याला लागून असलेला आपल्या देशाचा वायव्य भाग हे तिचे माहेर. आता हा मुलूख डोळ्यांपुढे आणा. तिथे दगड आहेत, कपारी आहेत, उन्हाने भाजून घट्ट झालेली चिकणमाती आहे. तिच्यात वाळू मिसळलेली असते, पण पाय रुतावा अशी भुसभुशीत वाळू नसते. उंटाच्या चित्रातले वाळवंट हे तिचे घर नाही. पण दुकानदार तिला 'वाळवंटी पाल' म्हणून विकतात, आणि गिऱ्हाईक वाळवंट म्हटले की वाळूची पिशवी उचलते. आजवर या जातीच्या किती पाली या एका शब्दापायी आजारी पडल्या असतील, देव जाणे.

सरकारी पशुवैद्य म्हणून नोकरी करताना मला एक सवय लागली. जनावर दाखवायला कुणी बोलावले की मी आधी गोठ्याची जमीन बघायचो. खूर सडलेले असोत, गुडघे सुजलेले असोत, सडाला सूज असो, निम्म्या दुखण्यांचे कारण पायाखालीच सापडते. न्यू जर्सीत पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नातवाने हात धरून कुंदाच्या पेटीपुढे नेले, तेव्हा मी पाहिली ती तिची जमीनच. पेटी वीस इंच लांब आणि दहा इंच रुंद, म्हणजे आपली लोखंडी ट्रंकसुद्धा मोठी. तळाला दोन इंच निळसर वाळू. वर तांबडा दिवा. एका कोपऱ्यात वीज लावून तापणारा नकली दगड. काचेला वर चिकटवलेले घड्याळासारखे थर्मामीटर ८५ अंश फॅरनहाइट दाखवत होते आणि सगळे घर त्यावर समाधानी होते. कुंदा मात्र कोपऱ्यात पोट जमिनीला टेकवून निपचित पडली होती.

"अज्जा, ती दहा दिवस खात नाही," नातू म्हणाला.

"शी करते काय?"

त्याने मान हलवली. शहाण्या पोराने वहीत तिचे वजन लिहून ठेवले होते. महिन्यापूर्वी ५२ ग्रॅम होते ते ४५ वर आले होते. पोट मात्र फुगलेले. मी वाळू बोटांत घेऊन पाहिली. ती 'कॅल्शियम सँड' होती. पाकिटावर 'पचते' असे लिहिलेले होते. मला ते वाचून हसावे की रडावे कळेना. पचते आणि कॅल्शियमही देते असे सांगून जमीनच जनावरापुढे खाऊ म्हणून मांडायची! आपल्याकडे फॉस्फरस कमी पडलेली गाय माती चाटते, हाडे चघळते, दोरी खाते. तसेच हिचे. अंगात कॅल्शियम कमी असले की ही जीभ लावून वाळू चाटते. शिवाय किड्यावर झेप घातली की तोंडात किड्याबरोबर वाळू जाते. ओली झाली की तिचे गोळे होतात.

जावयांनी त्याच दिवशी अशा प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. एक्सरेमध्ये आतड्यात पांढराशुभ्र पट्टा दिसला. कॅल्शियमच तो, हाडासारखाच उठून दिसणार. त्या बाई शांतपणे जे बोलल्या ते मला फार पटले. नुसत्या वाळूने एवढे होत नाही, त्या म्हणाल्या. रानात ही पाल थोडी माती गिळतेच आणि ती बाहेरही पडते. पण पेटीची जमीन थंड, प्यायला पाणी कमी आणि त्यात भुसभुशीत वाळू, असे तिन्ही जमले की आतडे थांबते. सापा-पालींना आपल्यासारखी अंगची ऊब नसते. पोटाखालची जमीन उबदार असेल तरच त्यांचे पचन चालते. त्यांनी हातातल्या यंत्राने, कोरोनाच्या काळात दारात कपाळाला रोखायचे तसल्याच, तापमान कसे मोजायचे ते दाखवले. घरी येऊन पाहिले तर काचेवरच्या घड्याळात ८५ अंश असताना वाळूवर ७२ भरले, म्हणजे जेमतेम २२ सेल्सिअस. हवा तापत होती, जमीन गार होती. तांबड्या दिव्याने तर रात्रसुद्धा होऊ दिली नव्हती, कारण तो उजेड पालींना दिसतो.

उपचार साधाच होता. सुईने थोडे द्रव, कोमट पाण्यात रोज पंधरा मिनिटे, पाणी पोटापर्यंतच, आणि उबदार जमीन. वाळू त्याच संध्याकाळी कचऱ्यात गेली. तळाला स्वयंपाकघरातला कागदी टॉवेल अंथरला. चौथ्या दिवशी सकाळी नातू ओरडत जिना उतरला आणि सगळे घर पालीची शी बघायला गोळा झाले. आमच्या सौभाग्यवतीसुद्धा, नाकाला पदर लावून. बिलाचे मी रुपये केले नाहीत, तब्येतीला बरे नसते.

आता आजोबांच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर. पाल घरी आली की पहिले दोन-तीन महिने तळाला कागदी टॉवेलच हवा, कितीही गरीब दिसला तरी. त्याच्यावर शी दिसते, रक्त दिसते, जंत दिसतात. तो गिळला जात नाही, रोज बदलता येतो. पिल्लाला आणि आजारी पालीला तर दुसरे काहीच घालू नये. नंतर पक्की जमीन करायची असेल तर फरशी सगळ्यात उत्तम. तिथे स्लेट नावाचा पाटीचा दगड मिळतो. आपल्याकडच्या शहाबादीची आठवण व्हावी असा, वरून खरखरीत, पकड देणारा. गुळगुळीत चकाकणारी फरशी नको, पाय घसरतो. पेटीच्या मापाने कापून घ्यायची आणि फटी राहू द्यायच्या नाहीत. फटीत किडे शिरून बसतात आणि रात्री झोपलेल्या पालीलाच कुरतडतात.

हिरव्या गालिच्यासारखे एक कापड दुकानात मिळते. दिसायला छान, पण त्याच्या धाग्यात तिची नखे अडकतात, बोटे मोडतात आणि घाण आत मुरते. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा म्हणजे पोटात काचाच. पाइन किंवा सीडरच्या लाकडाचा भुसा वासाचा असतो, त्याचे तेल बंद पेटीत फुप्फुसाला बाधते. नारळाच्या काथ्याचा भुसा सुकला की नाकाडोळ्यात जातो. आणि कॅल्शियमची वाळू, तिच्याविषयी बोललो तेवढे पुरे. निळी असो, गुलाबी असो, जाहिरात कितीही गोड असो.

मग माती अजिबात नको का? इथे मात्र माझे मत 'फक्त फरशी' म्हणणाऱ्यांपेक्षा थोडे वेगळे आहे. पाल धडधाकट, वयात आलेली, नीट खाणारी असेल आणि तापमान बरोबर असेल, तर तिला थोडी उकरायला माती मिळावी. उकरणे हा तिचा स्वभाव आहे. हल्ली (आजकाल या अर्थाने!) जाणकार लोक साठ-सत्तर टक्के बिनखताची बागेची माती आणि तीस-चाळीस टक्के धुतलेली बारीक वाळू असे मिश्रण सांगतात. पण ते नुसते पसरायचे नाही. भिजवायचे, दाबायचे, वाळू द्यायचे, घट्ट होईपर्यंत. आमच्याकडे कुंदा सुधारल्यावर ऑगस्टमध्ये पेटीचा एक भाग असा करायचे ठरले. जावयांनी मिश्रण केले, हाताने थापले, सुकल्यावर त्याला भेगा पडल्या आणि ते सुटून आले. ते बघून सौभाग्यवतींना राहवले नाही. ज्या बाईने चार महिन्यांत त्या खोलीत पाऊल टाकले नव्हते, ती पदर खोचून खाली बसली. "असं कोण जमीन करतं काय? पाणी जास्त झालंय. थोडं आवळू दे, मग चोपायचं." लहानपणी आजोळी त्या धुम्मस घेऊन जमिनी करायला बसत असत. तिथे धुम्मस कुठला, लाटण्याच्या टोकावर कापड बांधले. दोन दिवस थोडे थोडे पाणी शिंपडून चोपून त्यांनी अशी जमीन केली की नख मारले तर आवाज यावा. कुंदाला तिच्यात बीळ करायला एक आठवडा लागला. लाटणे अर्थातच परत पोळपाटाकडे गेले नाही.

जमिनीइतकीच महत्त्वाची तिची ऊब. ही पाल दिवेलागणीला बाहेर पडणारी. दिवसभर तापलेला दगड संध्याकाळी ऊब सोडत असतो, त्याला ती पोट लावून बसते. वैशाखात रात्री आठ वाजता पडवीच्या शहाबादीवर पाय ठेवला की जी ऊब तळव्याला लागते, तीच. म्हणून जमीन एका टोकाला उबदार आणि दुसऱ्या टोकाला गार हवी. उबदार टोकाला फरशीवर ३२ ते ३४ अंश सेल्सिअस, गार टोकाला २४-२५. तिला हवी तिथे ती सरकते, आपण ठरवायचे नाही. दिवसा जाळीच्या वरून हॅलोजनचा दिवा फरशी तापवतो. काही लोक पेटीच्या खालून तापणारी चटई लावतात, तीही चालते, पण तळाच्या एक तृतीयांश भागालाच. दोन्हींना थर्मोस्टॅट हवाच. त्याची टोकाची तार काचेला नव्हे, तर पाल बसते तिथे जमिनीला टेकवायची. थर्मोस्टॅटशिवाय चटई म्हणजे तवा. तो विजेचा नकली दगडही घरात ठेवू नये, एखादी जागा इतकी तापते की पालीचे पोट भाजते आणि तिला ते वेळेवर कळतही नाही. रात्री सगळे दिवे बंद. घर २० अंशांच्या खाली जात नसेल तर काळजी नको. दिवसा मंद अतिनील किरणांचा दिवाही आता पुष्कळ डॉक्टर सुचवतात.

पेटी किती मोठी? पूर्वी तीस इंच लांबीची पुरे म्हणत. आता एका मोठ्या पालीला छत्तीस इंच लांब, अठरा इंच रुंद आणि अठरा इंच उंच एवढी जागा कमीत कमी समजली जाते. एका पेटीत एकच पाल. दोन नर तर कधीच नाहीत, ते एकमेकांना फाडतात.

आणि पेटीत तीन खोल्या. एक उबदार टोकाला, कोरडी, बुटकी, पाठ टेकेल इतकी. अशा अंधाऱ्या जागी पाठ आणि पोट दोन्ही टेकले की तिचा जीव शांत होतो. दुसरी तशीच गार टोकाला. तिसरी ओलसर खोली, आणि ही सगळ्यात जास्त विसरली जाते. ही पाल महिन्यातून एक-दोनदा कात टाकते. कात टाकायच्या आधी अंग पांढुरके पडते, मग ती कात ओढून काढते आणि खाऊन टाकते. हवा फार कोरडी असेल तर कात बोटांच्या टोकांना दोऱ्यासारखी आवळून राहते, रक्त थांबते आणि बोट झडते. कुंदाच्या मागच्या पायाचे एक बोट असेच गेले आहे. त्यासाठी आमच्याकडे भारतीय दुकानातला श्रीखंडाचा रिकामा डबा वापरला. बाजूला भोक पाडून कडा कानशीने घासल्या, आत ओले स्फॅग्नम शेवाळ भरले आणि डबा मध्यभागी ठेवला. शेवाळ दर दोन दिवसांनी शिंपडायचे, आठवड्याला बदलायचे. बाकीची पेटी कोरडीच राहावी. ताटलीत उथळ पाणी रोज ताजे हवे.

खाणे किड्यांचे. रातकिडे, दुबिया झुरळे, पिठातल्या अळ्या. किड्यांना आदल्या दिवशी गाजर, पालेभाजी खायला घालायची आणि पालीला देताना कॅल्शियमची पूड लावायची. तिला वाळू चाटावी लागू नये याचा खरा उपाय हाच आहे. माती असलेल्या पेटीत किडे सोडू नयेत, चिमट्याने किंवा खोल ताटलीत द्यावेत. अंगणातले काजवे चुकूनही देऊ नयेत. तिकडचे काजवे पालींना विषासारखे लागतात, एक पुरतो.

एक गोष्ट पेटीबाहेरची. पाली-कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात, पाल ठणठणीत असली तरी. हात लावल्यावर साबणाने धुवायचे. तिची भांडी स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुवायची नाहीत, यावर सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी कायदा केला होता, आणि तो वैद्यकशास्त्राला धरूनच होता. पाच वर्षांखालच्या मुलांनी ती हाताळू नये. शहापूरच्या आजोबांची नात सहा वर्षांची आहे, तेव्हा चालेल, पण पहिले वर्ष आईच्या देखरेखीखाली.

आणि घेण्याआधी मुलाला-सुनेला एक हिशेब करायला सांगा. नीट ठेवली तर ही पाल पंधरा-वीस वर्षे जगते. नात सहा वर्षांची आहे. ती कॉलेजला जाईल तेव्हा पाल तिच्या खोलीत असेल आणि रातकिडे आणायला मुलगा-सूनच जाणार. त्यांना ते कबूल असेल तर घ्या, आणि पाल आणायच्या आठवडाभर आधी पेटी मांडून, दिवे लावून, फरशीचे तापमान रोज लिहून ठेवा. पेटी आणि पाल एकाच दिवशी एकाच पिशवीतून घरी आणू नका.

आता जतच्या बांधावरची पाल. लेपर्ड गेकोची भावंडे आपल्याकडे आहेत. महाराष्ट्र-गुजरातेत एक जात आहे. सातपुड्यातल्या जातीला २०१४ साली वेगळे नाव मिळाले, आंध्र-ओडिशाकडच्या आणखी एका जातीला २०२२ साली. तुम्ही वर्णन केलेली पाल याच कुळातली. दिवसभर दगडांच्या राशीत, अंधार पडला की किडे खायला बाहेर. तिला मारायचे काही कारण नाही. तुमच्या गड्याला सांगा, तिच्यात विष नाही. फार तर चिमटा काढल्यासारखी चावेल. माणसे सापाची काठी तिच्यावर चालवतात ती तिच्या ठिपक्यांना आणि संथ चालण्याला भिऊन.

पण मुलाचेही ऐकू नका. अमेरिकेत विकली जाणारी पाल कित्येक पिढ्या पेटीत जन्मलेली असते, तुमची रानातली आहे. पकडल्यावर खाणे सोडेल, शेपटी टाकेल, अंगातले जंत डोके वर काढतील. शिवाय रानातून जीव उचलून घरी ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा विषय आहे, त्याच्या याद्या २०२२ च्या दुरुस्तीने नव्याने मांडल्या गेल्या आहेत. वनखात्याची गाडी दारात नको असेल तर हात आखडता घ्या. मुलाला पाल बघायचीच असेल तर दिवेलागणीला टॉर्चवर तांबडा जिलेटीन कागद लावून लांब बसू द्या आणि वहीत लिहू द्या, किती वाजता आली, काय खाल्ले. तांबडा उजेड तिला दिसतो, पण पांढऱ्याइतका डोळ्यांवर येत नाही.

मी तुमच्याकडून एकच मागेन. त्या दगडांच्या राशीला हात लावू नका. बांध सरळ करायला जेसीबी आणणार असाल तर रास उचलून टाकण्याआधी शेताच्या दुसऱ्या कडेला, उन्हाच्या बाजूला, तशीच रास आधी रचून ठेवा, खाली चपटे दगड, वर लहान, मध्ये फटी. मग महिनाभर थांबा आणि जुनी रास हाताने, सकाळच्या उन्हात, एकेक दगड करून उचला. पाल घरात शिरलीच तर झाडूने बादलीत लोटा, वर फडके टाका आणि अंधार पडल्यावर राशीपाशी नेऊन बादली आडवी करून ठेवा. ती स्वतःच निघून जाईल. उन्हात सोडू नका.